स्टाइल फाइल : दिसणारे सूर आणि न दिसणारे नियम

आजच्या व्याख्यानाची जाहिरात पाहून दोघातिघांनी फोन केला, की सर, तत्त्वज्ञान सोडून कीबोर्ड विकायला लागलात की काय? तसं काही नाही. निवृत्तीनंतर मी सोसायटीच्या भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो, आणि माझा एक जुना विद्यार्थी आर्केस्ट्रात वाजवतो. आम्ही दोघं मिळून गेली काही वर्षं एका फाइलमागे लागलो आहोत. त्या फाइलमध्ये मला ज्ञानमीमांसेचा जुना प्रश्न इतका स्वच्छ दिसला, की वर्गात असतो तर हेच उदाहरण दिलं असतं.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं चहाचा विचार करावा.

लग्नात, गणपतीत, वाढदिवसाला एकटा माणूस कीबोर्ड घेऊन बसतो आणि मागे अख्खा बँड वाजतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वाद्याला अरेंजर कीबोर्ड म्हणतात. वादक डाव्या हाताने कॉर्ड धरतो, म्हणजे तीन-चार सूर एकत्र दाबतो, आणि त्या कॉर्डप्रमाणे बास, गिटार, स्ट्रिंग्ज आपोआप वाजतात. तबला-ढोलकी-ड्रम चालूच असतात. उजव्या हाताने तो गाण्याची चाल वाजवतो. मागचा हा बँड काय वाजवणार, हे ज्या फाइलमध्ये असतं ती स्टाइल. केरव्याची वेगळी, दादऱ्याची वेगळी, डिस्कोची वेगळी. प्रत्येक स्टाइलचे तुकडे असतात : सुरुवातीचा इंट्रो, मग मेन ए, बी, सी, डी अशा चढत्या भरणीच्या चाली, मधले फिल, शेवटी एंडिंग.

वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. आज मी यामाहाच्या फाइलपुरतं बोलतो, कारण तिची रचना हौशी लोकांनी वर्षानुवर्षं उकलून बरीच उघडी केली आहे, आणि आपल्याकडच्या वादकांच्या हातात ती सर्रास असते. भारतीय वाद्यांचे आवाज आणि भारतीय स्टाइल घातलेले आय अक्षराचे पीएसआर कीबोर्ड यामाहाने खास इथल्या बाजारासाठी काढले, तेव्हापासून तर जास्तच.

आता प्रश्न असा येतो : कंपनीने दिलेला केरवा वादकाला पटत नाही. त्यातली गिटार नको असते, ढोलकी हवी असते. कीबोर्डवरच बदल करायची सोय बहुतेक मोठ्या मॉडेलमध्ये आहे, पण पडदा बोटभर आणि बटणं शंभर. म्हणून माणूस फाइल कॉम्प्युटरवर नेतो आणि संगीत निर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. स्टुडिओतली मुलं त्याला ‘डॉ’ म्हणतात. आमच्याही नावामागे डॉ. आहे, पण आमच्यात ध्वनी सुधारत नाही, फक्त वाढतो. (हशा)

फाइलचं शेपूट बदलून तिला मिडी फाइलचं नाव दिलं, की सॉफ्टवेअर ती उघडतं. आणि इथेच गंमत सुरू होते, कारण ती खरंच उघडते. पडद्यावर सगळं दिसतं. ९ आणि १० क्रमांकाच्या चॅनलवर तालवाद्यं, ११ वर बास, १२ आणि १३ वर कॉर्ड, १४ वर लांब धरलेले सूर, ज्याला पॅड म्हणतात, १५ आणि १६ वर छोट्या सुरावटी. वरच्या पट्टीत मार्कर : इथून मेन ए, इथून मेन बी, इथे फिल. पहिल्या मापात सूर नाहीत, फक्त सूचना : कोणत्या चॅनलला कोणतं वाद्य, किती आवाज, किती घुमारा. माणसाला वाटतं, मिळाली स्टाइल. तो दोन रात्री बसून काम करतो, फाइल साठवतो, कीबोर्डला लावतो, आणि बँड वेड्यासारखा वाजायला लागतो. किंवा वाजतच नाही.

माझ्या विद्यार्थ्याचं हेच झालं होतं, तेही नवरात्राच्या तोंडावर. आठ दिवस सलग कार्यक्रम, आणि चाळीसेक स्टाइल अशाच सुधारून ठेवलेल्या. तो माझ्याकडे आला तो कीबोर्डविषयी विचारायला नव्हे. डोकं शांत करायला. म्हणाला, “सर, मी एकही सूर चुकीचा लिहिलेला नाही. तुम्ही स्वतः बघा.” मी बघितलं. खरोखरच एकही सूर चुकीचा नव्हता.

मग चुकलं कुठे? तर फाइलचे दोन भाग असतात. पहिला भाग साधी मिडी फाइल, म्हणजे सूर, वेळ, जोर. तिच्या मागे जोडलेला दुसरा भाग असतो, त्याला कॅझम म्हणतात. सी, ए, एस, एम अशी चार अक्षरं असलेली ती पेटी. तिच्यात सूर एकही नाही. तिच्यात फक्त नियम आहेत : या चॅनलवरचा सूर कॉर्ड बदलल्यावर कसा बदलायचा, कुठवर वर जाऊ द्यायचा, कोणत्या कॉर्डला गप्प बसवायचा. तिच्याही मागे वादकाच्या सोयीच्या आणखी पेट्या असतात, जसं एका बटणात उजव्या हाताचे आवाज लावून देणारी. सॉफ्टवेअरला यातलं काहीच दिसत नाही.

आणि दिसत नाही हा त्याचा दोष नाही, हे लक्षात घ्या. मिडी १९८३ सालचं. मिडी फाइलची ठरीव रचना १९८८ ची. त्या रचनेत प्रत्येक पेटीच्या डोक्यावर चार अक्षरांचं नाव असतं, आणि वाचणाऱ्याला सूचना अशी आहे की अनोळखी नावाची पेटी भेटली तर ती नाहीच असं समजून पुढे जा. फार शहाणा नियम आहे हा. त्यामुळेच उद्याच्या फाइल आजच्या यंत्रात निदान उघडतात तरी. पण त्या नियमात एक अर्ध राहून गेलं. वाचताना जे ‘नाही असं समजलं’, ते पुन्हा लिहिताना खरोखरच नाहीसं होतं. वाचणाऱ्याचं दुर्लक्ष हे लिहिणाऱ्याच्या हातून नाश होऊन बसतं.

आपल्या दर्शनांमध्ये यावर किती बारीक विचार झाला आहे! एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. वस्तू आढळत नाही यावरून ती नसल्याचं ज्ञान होतं. नैयायिक ते वेगळं प्रमाण मानत नाहीत, तो वाद आज बाजूला ठेवू. पण एका अटीवर सगळेच थांबतात. नुसतं आढळत नाही एवढं पुरत नाही. ती वस्तू असती तर आढळलीच असती, अशी स्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. या सभागृहात हत्ती नाही हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण असता तर दिसला असता. या सभागृहात डास नाही असं मी म्हणणार नाही, आणि जंतू नाहीत असं तर मुळीच नाही. माझ्या डोळ्यांची ती योग्यताच नाही. सॉफ्टवेअरच्या पडद्याला कॅझम दिसायची योग्यता नाही. म्हणून पडद्यावर नाही याचा अर्थ फाइलमध्ये नाही असा होत नाही. विद्यार्थ्याने सुरांची झडती घेतली, ते निर्दोष निघाले. पण दोष सुरांच्या जातीचा नव्हताच.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग कॅझम गेली तर कीबोर्ड काय करतो?)

कीबोर्ड एक तर फाइल नाकारतो, किंवा स्वीकारली तर सगळ्या चॅनलना स्वतःच्या मनाचे सरसकट नियम लावतो. दुसरं जास्त वाईट. कारण वाजतं तर आहे, पण वाकडं. नाकारलेल्या फाइलची निदान लगेच चौकशी तरी होते.

आता त्या नियमांकडे येऊ. हा भाग थोडा सावकाश घेतो, कारण खरा रस इथे आहे.

यामाहाची स्टाइल मुळात कोणत्या कॉर्डमध्ये लिहितात? सर्वसाधारणपणे सी मेजर सेव्हनमध्ये. सी म्हणजे पांढरी एक. तिला सा धरला तर या कॉर्डचे सूर सा, ग, प, नी. आणि कंपनीच्या पुस्तिकेतला सल्ला असा, की मेन आणि फिलमध्ये कॉर्ड आणि पॅडच्या चॅनलवर फक्त हेच चार सूर लिहा. बास आणि सुरावटींमध्ये रे आणि ध यांचीही मुभा घ्या. म्हणजे सा रे ग प ध नी. हंसध्वनीत ध मिळवल्यासारखं. मध्यम वर्ज्य. का? कारण शुद्ध मध्यम शुद्ध गंधाराच्या अगदी शेजारी, अर्ध्या सुरावर बसतो आणि या कॉर्डला खुपतो. आणि विकृत स्वर आले तर नियमाला कळत नाही, की हा माणूस कोणत्या सुराच्या जागी हे म्हणतो आहे. इंट्रो-एंडिंगमध्ये ही बंधनं सैल होतात.

इथे एक मराठी उदाहरण देतो. आपल्याकडे शब्दाला विभक्ती लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं. घोडा, घोड्या, घोड्याला. विहीर, विहिरी, विहिरीत. यातलं ‘घोड्या’ हे रूप, एखाद्याला हाक मारायची सोडली तर, एकटं कोणी बोलत नाही. ते पुढच्या प्रत्ययासाठी तयार होऊन उभं असतं. स्टाइलमधला सी मेजर सेव्हनचा साचा हा तसाच आहे. तो ऐकायला केलेलाच नाही. तो वादकाच्या डाव्या हातातून येणाऱ्या प्रत्ययासाठी तयार उभा आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण नेमकं तेच सामान्यरूप फिरवून फिरवून ऐकतो, आणि ते गोड लागत नाही म्हणून त्याला गोड करायला जातो. बासरीत एक मध्यम टाकतो, स्ट्रिंग्जमध्ये कोमल निषाद टाकतो. पडद्यासमोर छान वाटतं. स्टेजवर ए मायनर धरला, की तोच सूर दगडासारखा पायात येतो. माझ्या मते स्टाइल सुधारणाऱ्यांची जास्तीत जास्त मेहनत इथेच वाया जाते, आणि मेहनत प्रामाणिक असते म्हणून वाईट वाटतं.

प्रत्यय लागतो कसा? दोन प्रश्नांनी. पहिला : मूळ सूर बदलला की बाकीचे कसे हलायचे? समजा साचा सी, ई, जी असा आहे, आणि वादकाने एफ मेजर धरला. एक नियम म्हणतो, सगळे उचला आणि तितकेच वर न्या : एफ, ए, वरचा सी. ओळीची ठेवण तशीच राहते. सुरावटीला, बासला हे योग्य. दुसरा नियम म्हणतो, फार हलू नका, जवळचेच सूर घ्या : सी तिथेच ठेवा, ई चा एफ करा, जी चा ए करा. पेटीवर चांगला साथीदार हात न उचलता कॉर्ड बदलतो, तसं. कॉर्ड आणि पॅडला हे शोभतं. सूर तेच तीन, पण ऐकायला एक उडी मारतो आणि एक वळतो. २००८ च्या टायरॉस ३ पासून फाइलची नवी आवृत्ती आली, तिच्यात गिटारसाठी तिसरा नियम आला, कारण गिटारच्या तारांवर सूर ज्या क्रमाने बसतात तो या दोन्हींत मावत नव्हता.

दुसरा प्रश्न : कॉर्डची जात बदलली की कोणता सूर कोमल करायचा? इथे आपल्या मंडळींना आपलंच घर दिसेल. कॉर्डचा मूळ सूर सा धरा. मेजरवरून मायनरला जाताना ‘मेलडिक मायनर’ नावाचा नियम फक्त गंधार कोमल करतो. म्हणजे पटदीपचे सूर. ‘हार्मोनिक मायनर’ गंधार आणि धैवत कोमल करतो, किरवाणीचे सूर. ‘नॅचरल मायनर’ ग, ध, नी तिन्ही, आसावरी थाट. ‘डोरियन’ ग आणि नी, काफी थाट. रागाबद्दल बोलत नाही आहे मी, नुसत्या सुरांबद्दल, नाहीतर बाहेर पडताना कोणीतरी मला गाठेल. पण विचार करा, बासरीची एकच सुरावट चार नियमांखाली चार घरांत जाऊन बसते, आणि पडद्यावर चारही वेळा तीच ती दिसते. लावणीच्या अंगाची स्टाइल करताना तुम्ही कोणता नियम निवडला, हे सूर निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि तो निवडायची जागा सॉफ्टवेअरमध्ये नाहीच.

याशिवाय बारीकसारीक आहेतच. सूर किती वर जाऊ द्यायचा याची हद्द : एफपर्यंत वर जा, एफ शार्पला एक सप्तक खाली या, असं सांगता येतं, नाहीतर बासची गिटार होते. लांब धरलेल्या सुराखाली कॉर्ड बदलली तर तो तोडायचा, सरकवायचा की पुन्हा वाजवायचा, हेही तिथेच ठरतं.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. कॅझममध्ये असंही लिहिता येतं, की दोन वेगवेगळे चॅनल एकाच वाद्याला जोड : मेजर कॉर्ड असेल तेव्हा हा वाजव, मायनर असेल तेव्हा तो. त्यासाठी १ ते ८ हे एरवी रिकामे चॅनलही वापरतात. आता ही फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडली की काय होतं? दोन्ही चॅनल एकाच वेळी वाजतात. मेजरचा शुद्ध गंधार आणि मायनरचा कोमल गंधार, एकमेकांच्या उरावर. माणूस म्हणतो, कंपनीने काय घाण करून ठेवली आहे, आणि एक चॅनल पुसून टाकतो. त्याने पुसलेलं असतं ते ‘किंवा’. पडद्याला फक्त ‘आणि’ दाखवता येतं. ‘किंवा’ काळाच्या पट्टीवर काढता येत नाही. दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवले, की ते एकत्र घडणाऱ्या दोन घटनांसारखेच दिसतात. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी हे शिकवायला तासभर घ्यायचो, इथे दहा सेकंदांत कानाला कळतं.

आता तानपुरा. आमच्या भजनी मंडळाच्या स्टाइलमध्ये कोणीतरी तानपुरा घातला होता. पॅडच्या १४ क्रमांकाच्या चॅनलवर, सा आणि प. कल्पना उत्तम. पण पॅडचा नियम कॉर्डप्रमाणे सूर हलवायचा. मी एफ धरला की तानपुरा सरकायचा, जी धरला की पुन्हा सरकायचा. आमच्या ताई गाता गाता थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो प्रोफेसर, षड्ज पळून गेला की हो!” तानपुऱ्याचं काम एकच, हलायचं नाही. मूळ सूर धरून ठेवणारा नियम आणि सुरात काहीही बदल न करणारा नियम, ज्याला बायपास म्हणतात, हे दोन्ही मिळून लावले, की तो जागेवर बसतो. गायकाची पट्टी बदलली तर त्याने हलावं, पण ते काम ट्रान्सपोजच्या बटणाचं, कॉर्डचं नव्हे.

हाच नियम तालवाद्यांनाही लागतो, आणि तिथे चूक झाली तर जास्त मजा येते. तबल्याच्या किटमध्ये एकेका पट्टीवर एकेक बोल असतो. हे किट तालाच्या चॅनलवर असेल तर नियम स्थिर असतो. पण जागा नाही म्हणून कोणी ते सुरावटीच्या चॅनलवर टाकलं आणि नियम तसाच ठेवला, तर कॉर्ड बदलली की पट्टी सरकते, आणि ‘ना’च्या जागी भलताच बोल वाजतो. तबलजी कॉर्डप्रमाणे बोल बदलतो आहे, असा प्रकार मी स्वतः ऐकला आहे.

पट्ट्यांवरून आठवलं. मिडीत ६० क्रमांकाच्या सुराला यामाहा सी ३ म्हणतं, काही सॉफ्टवेअर सी ४ म्हणतात. पुस्तिकेत सी १ ला मोठा ड्रम असं वाचून तुम्ही सॉफ्टवेअरच्या सी १ वर लिहिलं, तर एक सप्तक खाली पडाल. नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा. मोठा ड्रम ३६.

ढोलकीबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचं आहे.

त्या विद्यार्थ्याचे काका तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. आता हात थरथरतो, वाजवत नाहीत. हात चालता होता तेव्हा पुतण्याने त्यांच्याकडून हाताने वाजवायच्या पॅडवर दोन-तीन चाली वाजवून घेतल्या आणि मिडीत पकडल्या. त्या फाइलमध्ये आवाज काकांचा नाही, आवाज कीबोर्डचा आहे. काकांचं त्यात आहे ते दोनच गोष्टींत : कोणती थाप किती जोरात, आणि नेमकी केव्हा. जोर १ ते १२७ या आकड्यांत. ‘केव्हा’ हे एका मात्रेच्या ४८० किंवा १९२० भागांत. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. ४८० भागांपैकी एक भाग साधारण एका सेकंदाचा हजारावा हिस्सा होतो. एवढ्या बारकाईने काकांचा हात त्या फाइलमध्ये बसलेला आहे.

आणि सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, क्वांटाइझ. सगळ्या थापा ओढून रेषेवर आणून ठेवतं. बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो, कारण पडद्यावर थापा रेषेच्या मागे-पुढे दिसतात आणि डोळ्याला ते चुकल्यासारखं वाटतं. स्टुडिओतल्या एका मुलाने मदत म्हणून ते बटण दाबलं. पुतण्याने ऐकलं आणि म्हणाला, “हे आमच्या काकांचं नाही.” मुलाला कळेना. सूर तेच, थापा तितक्याच, क्रम तोच. मी दोन्ही पट्ट्या एकाखाली एक लावून बघितल्या. काकांची एक ठरावीक थाप प्रत्येक आवर्तनात रेषेच्या किंचित मागे पडत होती. प्रत्येक आवर्तनात. जी गोष्ट दर वेळी त्याच जागी होते, तिला चूक म्हणायचं का? तोही नियमच आहे. फक्त तो कुठे लिहिलेला नाही, हातात आहे. कॅझमचे नियम निदान पेटीत तरी सापडतात.

क्वांटाइझ वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. डिस्कोच्या ड्रमला खुशाल वापरा, ते मुळात रेषेवरच जन्माला आलेले आहेत. बासचा एखादा सूर खरंच घसरला असेल तर तो एकटा उचलून ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये किती टक्के ओढायचं हेही ठरवता येतं. पण हाताने वाजवलेल्या ढोलकीला, तबल्याला, ढोलकाला सरसकट ते बटण लावू नका. आणि लावायचंच असेल तर मूळ पट्टी मुकी करून शेजारी ठेवा, पुसू नका. सुदैवाने पुतण्याकडे जुनी प्रत पेन ड्राइव्हवर होती.

(प्रश्न : म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल सुधारूच नये का?)

सुधारावी की! कीबोर्डच्या बोटभर पडद्यावर जे दोन तासांत होत नाही ते इथे दहा मिनिटांत होतं. फक्त फाइल परत कशी न्यायची ते कळायला हवं. आम्ही करतो ते सांगतो.

मूळ फाइलची प्रत आधी बाजूला. तिला हात लावायचा नाही, तिचं नावही बदलायचं नाही. दुसऱ्या प्रतीचं शेपूट बदलून ती सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. मार्करची नावं अक्षरशः जशीच्या तशी ठेवायची. एक मोकळी जागा कमी झाली, तरी कीबोर्ड तो तुकडा ओळखत नाही. मार्करमधलं अंतर हीच त्या तुकड्याची लांबी असते, म्हणून मेन बीमध्ये एक माप वाढवलं तर पुढचे सगळे मार्कर तेवढेच सरकले पाहिजेत. एका तुकड्यातला सूर पुढच्या मार्करपलीकडे लोंबकळत ठेवायचा नाही. पहिल्या मापातल्या सूचना शाबूत आहेत का ते बघायचं, कारण काही सॉफ्टवेअर त्या उचलून आपल्या मिक्सरमध्ये नेतात आणि परत देताना विसरतात. साठवताना मिडीचा शून्य प्रकार निवडायचा, ज्यात सगळे चॅनल एकाच पट्टीत असतात.

मग शेवटची पायरी : मूळ फाइलमधली कॅझम नव्या फाइलच्या मागे परत जोडायची. यासाठी हौशी लोकांनी केलेली छोटी सॉफ्टवेअर आहेत, काही फुकट आहेत. त्यांत कॅझमचे नियम उघडून वाचता येतात, बदलताही येतात. तुम्ही एखाद्या चॅनलवर गिटार काढून बासरी घातली असेल, तर तिथला नियमही बदलायला हवा. वाद्य बदललं आणि नियम तोच राहिला, तर बासरी गिटारसारखी वागेल.

त्यानंतर ऐकायचं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नाही, कीबोर्डवर. सी धरून अजिबात नाही. सीमध्ये सगळंच बरोबर वाजतं. ए मायनर धरा, डी मायनर सेव्हन धरा, जी सेव्हन धरा. एफ आणि एफ शार्प एकामागोमाग धरा, म्हणजे वरची हद्द कळेल. लांब सूर चालू असताना मध्येच कॉर्ड बदला. माझा विद्यार्थी आता एवढं करतो आणि मग काकांना फोनवर ऐकवतो. काका कॉर्डकडे लक्ष देत नाहीत, फक्त ढोलकी ऐकतात.

त्या चाळीस स्टाइलचं काय झालं, असं मघाशी कोणीतरी पुटपुटलं. त्यांतल्या एकतीसच्या मूळ प्रती सापडल्या. एका रात्रीत त्यांची कॅझम परत जोडली. उरलेल्या नवांपैकी सहांना नियम हाताने लिहिले, एकेका चॅनलला, मी वाचत गेलो आणि तो टाइप करत गेला. तीन सोडून दिल्या. त्या गाण्यांना त्याने नवरात्रभर स्टाइलशिवाय, नुसत्या ऑक्टोपॅडवाल्याच्या साथीने वाजवलं.